मूल मुलांत मिसळत नाही? आधी या चुका टाळा

बालवर्गात नव्या मुलांना रुळवण्याचं काम मी पंधरा वर्षं करते आहे. तिसऱ्याच दिवशी पालक विचारतात, “हा कोणाशी खेळत का नाही?” आणि बहुतेक वेळा चूक तीच निघते: मूल रमलं की गुपचूप सटकणं.

अडीच वर्षांचा एक मुलगा आठवतो. ठोकळ्यांचा मनोरा रचण्यात गुंग होता. बाबांनी मला खूण केली, चपला हातात घेतल्या आणि पाय न वाजवता निघून गेले. मी त्यांना अडवलं नाही, याची अजून हळहळ वाटते. मनोरा दाखवायला त्याने मान वळवली, तर मागे कोणीच नाही. पुढचे तीन आठवडे त्याने ठोकळ्यांना हात लावला नाही. दप्तर पोटाशी धरून दाराकडे तोंड करून बसायचा. शेजारी कोणी येऊन बसलं तरी नजर दारावरच. खेळात गुंतलं की बाबा नाहीसे होतात, एवढंच तो शिकला होता. मग दुसऱ्या मुलाकडे बघणार कधी?

पालक रडण्याला घाबरतात, म्हणून सटकतात. पण रडणं म्हणजे बिघाड नव्हे. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी साधारण वर्षाच्या मुलांची आई खोलीबाहेर गेल्यावर आणि परतल्यावर निरीक्षणं केली. नातं भक्कम असलेली मुलं रडली, तरी आई परतताच बिलगून शांत झाली आणि पुन्हा खेळण्यांकडे वळली. म्हणून मी पालक परतण्याचा क्षण बघते.

माझी पद्धत साधी आहे. खाली बसा, डोळ्यांत बघून सांगा, “गोष्ट संपली की मी येणार.” घड्याळातली वेळ सांगू नका, मुलाला ती कळत नाही. एकदा जवळ घ्या, निघा, दारातून परत फिरू नका. आणि गोष्ट संपली की खरंच या. मग त्या बाबांनीही हे रोज करायला सुरुवात केली. तेव्हापासून दहाव्या-बाराव्या दिवशी मुलाने दप्तर खाली ठेवलं आणि एक ठोकळा शेजारच्या मुलीकडे सरकवला.

दुसरी चूक फोनची. १९७० च्या दशकात मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रॉनिक यांनी आयांना बाळासमोर काही वेळ चेहरा निर्विकार ठेवायला सांगितलं. बाळं हसून, हात हलवून आईला बोलवत राहिली, शेवटी तोंड फिरवू लागली. फोनमध्ये बुडालेला चेहराही बाळाला काही उत्तर देत नाही. आपण हसलो की समोरचा हसतो, मग पुन्हा आपली पाळी, हे मूल तुमच्या चेहऱ्यावरच शिकतं. मुलाला घ्यायला आलात की पहिली दहा मिनिटं फोन पिशवीत ठेवा.

दीड वर्षाच्या मुलाला ‘सोशल स्किल्स’च्या क्लासला घालू नका, तो वेळ त्याच्यासोबत जमिनीवर बसून घालवा.

दोन वर्षांच्या मुलाच्या हातातलं खेळणं ओढून “शेअर कर” म्हणू नका.

आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी माणसाला बघून रडत असेल तर त्याला त्या माणसाच्या हातात कोंबू नका.

चारचौघांत “ही लाजाळूच आहे” म्हणू नका, ती ऐकत असते.

आणि चिडून ओरडलात तर तसंच सोडू नका. तासाभराने का होईना, जवळ घेऊन “चुकलं माझं” म्हणा. आमच्या वर्गातली एक मुलगी कोणाला ढकललं की थोड्या वेळाने जाऊन त्याची पाठ थोपटायची, दोनदा हलकेच, मग एकदा जोरात. एके दिवशी तिची आई तिला घ्यायला आली, आणि ती लेकीची पाठ अगदी तशीच थोपटत होती.