ट्रॅक्टरच्या बॅकहोसाठी चर काढण्याची नऊ इंची बकेट कशी बनवावी

विहिरीपासून शेताच्या टोकापर्यंत दोन किंवा तीन इंची पाइपलाइन न्यायची असते आणि ट्रॅक्टरच्या मागे बसवलेल्या खोदणाऱ्या मशीनला, म्हणजे बॅकहोला, बकेट मात्र दोन फुटी असते, तेव्हा पाइपाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक माती उकरली जाते. १०० मीटर लांब आणि ६० सेंमी खोल चर दोन फुटी बकेटने काढला तर सुमारे ३६ घनमीटर माती बाहेर येते. तोच चर नऊ इंची बकेटने काढला तर ती १४ घनमीटरच्या आसपास राहते. डिझेल वाचते हा हिशेब सगळेच करतात, पण तितकीच माती परत चरात लोटून दाबावीही लागते, हे पुष्कळदा विसरले जाते.

अशी बकेट फॅब्रिकेशनच्या साध्या दुकानात बनवता येते. गॅस कटर, दोनशे-अडीचशे अँपिअरचे वेल्डिंग मशीन आणि लेथची सोय एवढे पुरे. मात्र जुनी रुंद बकेट मधून कापून अरुंद केली की काम झाले, असे समजू नये. रुंद बकेटमध्ये खपून जाणाऱ्या चुका अरुंद बकेटमध्ये खपत नाहीत, कारण तिच्या दोन्ही बाजू चराच्या भिंतींना सतत घासत असतात आणि आत दाबलेली माती सुटायला जागा शोधत असते. पहिल्या खेपेस आम्ही १२ मिमीची जाड प्लेट वापरून अतिशय दणकट बकेट बनवली होती. ती मुरमात चार बोटेही शिरेना, कारण दातांआधी तिची टाच, म्हणजे तळाचे मागचे टोक, जमिनीला टेकत होती. दोष प्लेटचा नव्हता, आकाराचा होता. म्हणून पुढे आकारावर अधिक लिहिले आहे आणि वेल्डिंगवर त्या मानाने कमी.

रुंदी ठरवणे

बकेटची किमान रुंदी पाइपावर ठरत नाही, तर आपल्या मशीनच्या डिपरवर, म्हणजे बकेट ज्याच्या टोकाला लागते त्या हातावर ठरते, कारण चर खोल होऊ लागला की डिपरचे टोक, पिना आणि बकेट वळवणारी लिंक हेही चरात उतरतात. समजा, डिपरच्या टोकाचा बुश, म्हणजे पिन ज्यातून जाते ती नळी, १२० मिमी रुंद आहे. दोन्ही बाजूंची फट मिळून २ मिमी, पिना धरणारे १६ मिमी जाडीचे बकेटचे दोन कान आणि कानांबाहेर येणारी पिनेची टोके प्रत्येकी १५ मिमी धरली, तर एकूण १८४ मिमी होतात. अशा मशीनला सहा इंची, म्हणजे सुमारे १५० मिमीची बकेट लावली तर पिनेची टोके चराच्या भिंती खरवडत राहतील आणि पिनेचे लॉक केव्हातरी तुटेल. २२५ मिमी, म्हणजे नऊ इंच, ही येथे समंजस रुंदी आहे. पुढील सर्व मापे याच उदाहरणावर दिली आहेत. आपल्या मशीनची मापे स्वतः घेऊन ती बदलावीत.

जुन्या बकेटवरून मापे घेणे

मूळ बकेट सपाट जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून तेलाचा दाब उतरवावा आणि मगच पिना काढाव्यात. कठीण केलेल्या पिनेवर थेट लोखंडी हातोडा मारल्यास कपची उडून डोळ्यात जाऊ शकते, म्हणून मध्ये पितळेचा तुकडा धरावा आणि चष्मा लावावा.

आता चार मापे अचूक हवीत: दोन्ही पिनांचा (डिपरची आणि लिंकची) व्यास, त्या दोन पिनांच्या केंद्रांमधील अंतर, दोन कानांमधील आतले अंतर, आणि डिपरच्या पिनेच्या केंद्रापासून दाताच्या टोकापर्यंतचे अंतर. केंद्रांमधील अंतरात फरक पडला की बकेटची आत-बाहेर वळण्याची मर्यादा बदलते, आणि सिलिंडर पूर्ण उघडण्याआधीच बकेट डिपरवर आदळू लागते. त्या मापात सुधारणा करण्याचा मोह टाळावा.

साचा

पुठ्ठ्यावर किंवा पातळ प्लायवूडवर बाजूच्या प्लेटचा पूर्ण आकाराचा साचा काढावा. डिपरच्या पिनेचे केंद्र ठरवून तेथून दाताच्या टोकापर्यंतच्या अंतराएवढ्या त्रिज्येचा, समजा ६०० मिमीचा, कंस काढावा. बकेट वळते तेव्हा दात याच कंसावरून जातात. म्हणून बकेटचा तळ, टाच आणि पाठ यांतील प्रत्येक बिंदू या कंसाच्या आत असला पाहिजे.

येथेच बहुतेकांची फसगत होते. दाताच्या टोकापासून मागे जाणारा सरळ तळ म्हणजे भूमितीच्या भाषेत त्या वर्तुळाची जीवा होय. जीवा मध्यापर्यंत कंसापासून दूर जाते आणि नंतर पुन्हा त्याच्याजवळ येऊन शेवटी त्याला मिळते. दाताच्या टोकाशी काढलेल्या स्पर्शिकेपासून तळ २० अंश आत झुकवला, तर ६०० मिमी त्रिज्येला ही जीवा सुमारे ४१० मिमी लांब होते आणि तिच्या मध्यावर तळ व कंस यांच्यात ३६ मिमी मोकळी जागा मिळते. याचा अर्थ असा की सरळ तळ, दातांची लांबी धरून, २०० मिमीच्या आसपास थांबवावा आणि तेथून पाठीचे वळण सुरू करावे. तळ ३५० मिमीपर्यंत सरळ नेला तर टाच कंसाच्या काठावर येते, आणि मग बकेट खोदत नाही, जमिनीवर घसरते.

पाठीचे वळण गोलसर असावे, कोपरा नसावा. काळ्या चिकण मातीत प्रत्येक कोपरा माती धरून ठेवतो, आणि दोन पावसांनंतरची ओली माती तर अशी चिकटते की प्रत्येक खेपेला फावड्याने खरवडावी लागते.

उतरती रुंदी

पुढच्या कापणाऱ्या पट्टीपाशी, म्हणजे तोंडाशी, बाहेरून २२५ मिमी आणि मागे पाठीशी २०० मिमी अशी रुंदी ठेवावी, म्हणजे प्रत्येक बाजू सुमारे साडेबारा मिमी आत झुकते. त्यामुळे बाजू भिंतींना कमी घासतात, आणि बकेट उपडी केली की दाबलेला गोळा अरुंद भागाकडून रुंद भागाकडे सरकत सुटतो. चिकण मातीच्या भागात पाठीच्या प्लेटला २५ मिमीची दोन-तीन भोकेही पाडावीत. आत हवा शिरते आणि गोळा शोषून धरल्यासारखा अडकत नाही.

कापणे आणि वाकवणे

बाजूंना १० मिमी, तळ व पाठीला ८ मिमी, कानांना १६ मिमी आणि पुढच्या कापणाऱ्या पट्टीला १६ मिमी जाडी या आकाराच्या बकेटला पुरते. साधी एमएस (माइल्ड स्टील) प्लेट, म्हणजे आयएस २०६२ प्रतीची, पट्टी सोडून सर्वत्र चालते. तळ-पाठीची प्लेट बाजूंच्या कडेवर बसवायची असेल तर साच्याच्या त्या कडेतून ८ मिमी कमी करून बाजू कापाव्यात, नाहीतर बकेट तेवढी मोठी होते आणि साच्यावर मोजून ठेवलेली मोकळी जागा कमी होते.

रोलिंग मशीन जवळ नसेल तर पाठीच्या वळणासाठी जुन्या जाड पाइपाचा तुकडा घ्यावा. चौदा इंची पाइपाचा बाहेरील व्यास ३५५.६ मिमी असतो. म्हणजे सुमारे १७८ मिमी त्रिज्येचे तयार वळण भंगाराच्या दुकानात मिळते. त्याची जाडी मात्र मोजून घ्यावी, आतून गंजलेला पाइप घेऊ नये.

जुळणी आणि वेल्डिंग

आधी सर्व भागांना केवळ टाके, म्हणजे छोटे तात्पुरते वेल्ड, मारावेत. दोन्ही कान स्वतंत्रपणे कधीही जोडू नयेत. कानांतील बुश लेथवर तयार करून दोन्हींतून एकच सरळ शाफ्ट घालावा, मध्ये डिपरच्या मापाचा तुकडा ठेवावा आणि मग टाके मारावेत. कानांची खालची कड पाठीच्या वळणावर किमान २०० मिमी टेकेल अशी लांब ठेवावी आणि कानांपासून बाजूच्या प्लेटपर्यंत आडवे आधार द्यावेत, कारण कान केवळ ८ मिमीच्या पाठीवर उभे केले तर पाठ फाटते.

टाक्यांवर उभी असलेली बकेट मशीनला लावून, इंजिन मंद ठेवून, ती पूर्ण आत आणि पूर्ण बाहेर वळवून पाहावी. कोठे अडत असेल तर खूण करावी. बकेट उतरवूनच दुरुस्ती करावी. मशीनवर असताना वेल्डिंग केल्यास करंट पिना आणि बुशांमधून जाण्याचा धोका असतो. हा अर्धा तास कोणी घालवू इच्छित नाही, पण पूर्ण वेल्डिंग झाल्यावर तीच चूक गॅस कटरने काढावी लागते.

पूर्ण वेल्डिंगसाठी ७०१८ रॉड घ्यावा. हा रॉड ओलावा धरतो, म्हणून पाकीट उघडे राहिले असेल तर तो सुमारे ३०० अंश सेल्सिअसला तासभर भाजून घ्यावा. तोंडाशी तात्पुरता आडवा बार लावावा, एका बाजूला चार-पाच इंच वेल्ड केल्यावर दुसऱ्या बाजूला जावे, आणि कानांतील शाफ्ट बकेट थंड होईपर्यंत काढू नये.

पट्टी आणि दात

कापणाऱ्या पट्टीसाठी ट्रकच्या कमान पाट्याचा तुकडा वापरण्याची पद्धत गावोगाव आहे. पाटा कठीण असतो हे खरे, पण त्यात कार्बन अधिक असल्याने थंड पाट्यावर वेल्ड केल्यास वेल्डशेजारी बारीक चीर पडते आणि पहिल्याच दगडावर पट्टी निखळते. पाटाच वापरायचा असेल तर तो सुमारे २५० अंशांपर्यंत तापवून वेल्ड करावे आणि राखेत किंवा कोरड्या वाळूत हळूहळू थंड होऊ द्यावे. परवडत असेल तर ४०० ब्रिनेल कठीणतेची झीजरोधक प्लेट अधिक बरी.

नऊ इंचांत तीन दात बसतात. कडेचे दोन दात बाजूच्या प्लेटच्या बाहेर ५-६ मिमी यावेत, म्हणजे बकेटला लागणारी वाट तेच कापतात. मधला दात २० मिमी पुढे ठेवला तर मुरमात शिरकाव सोपा होतो. आधीचा कंस मात्र या पुढच्या दातावरून काढू नये, कडेच्या दातांवरून काढावा. दातांचे अडॅप्टर, म्हणजे दात ज्यांवर बसतात ते तुकडे, मिश्र पोलादाचे असतात, तेही १५० ते २०० अंशांपर्यंत तापवूनच जोडावेत. नुसत्या काळ्या मातीत काम असेल तर मधला दात काढून ठेवावा, दोन दातांत माती कमी अडकते.

पहिला चर

तयार बकेट साधारण ६० किलोंची भरते. पहिला चर मऊ जमिनीत, अर्धा फूट खोलीचे थर घेत काढावा. चराची भिंत सरळ करण्यासाठी बकेट बाजूला फिरवून ढकलू नये; त्या पिळाने कान आणि डिपर दोन्ही वाकतात. नऊ इंची चरात माणूस उभा राहू शकत नाही, म्हणून पीव्हीसी पाइपाचे जोड वरच सोल्युशन लावून करावेत, ते पक्के झाल्यावर लाइन खाली सोडावी. चर रुंद करून दीड मीटरहून खोल नेला आणि त्यात कोणी उतरणार असेल, तर भिंतींना फळ्यांचा आधार दिल्याशिवाय उतरू देऊ नये.

आठ-दहा तासांच्या कामानंतर बकेट धुऊन कानांच्या मुळाशी आणि अडॅप्टरच्या कडेला चीर दिसते का ते पाहावे. चीर आढळल्यास तिच्यावर नुसता वेल्डचा थर चढवू नये. ग्राइंडरने ती तळापर्यंत उकरून काढावी आणि मग भरावी.