लुक ॲट, लुक फॉर, लुक आउट ऑफ: 'बघणं' इंग्रजीत सांगताना या चुका टाळा

परवा क्लासमधे एक मुलगी सांगत होती की दारात कोणीतरी आलं तेव्हा ती खिडकीतून बघत होती, आणि ती म्हणाली, "आय वॉज लुकिंग फ्रॉम द विंडो". याला अगदी चूक नाही म्हणता येणार, पण इंग्रजी बोलणारा माणूस इथे सहज म्हणेल "लुकिंग आउट ऑफ द विंडो". मी इंदूरला घरीच शिकवणी घेते, आमच्याकडची मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, आणि 'खिडकीतून' म्हणा की 'खिड़की से' म्हणा, डोक्यात लगेच फ्रॉम येतो. अमेरिकेत तर 'ऑफ' पण गाळतात, नुसतं "लुक आउट द विंडो" म्हणतात, तेही बरोबरच आहे.

मग फ्रॉम कधी वापरायचा? तुम्ही कुठे उभे होतात ते सांगायचं असेल तेव्हा. "वी वॉच्ड द प्रोसेशन फ्रॉम द गॅलरी", म्हणजे आम्ही गॅलरीत होतो आणि मिरवणूक खाली रस्त्यावर. आणि काच बंद आहे, काचेतून दिसतंय, तर "थ्रू द विंडो", मग तुम्ही आत असा की बाहेर.

मला वाटतं सगळी गडबड आपल्या 'बघणं' मुळे होते कारण आपलं बघणं फार कामाचं आहे, बाळाला जरा बघ, गॅसकडे बघ, मुलगी बघायला गेले, वाट बघतेय, मीठ घालून बघ, आणि ऑफिसातला साहेब नुसतं "बघतो" म्हणाला तरी आपल्याला कळतं काय ते. इंग्रजीत हा सगळा भार लुकच्या मागे येणाऱ्या छोट्या शब्दावर असतो. बाळाला बघणं लुक आफ्टर, चौकशी करणं लुक इनटू, हरवलेलं शोधणं लुक फॉर. म्हणून पाठ करायचा तर एकटा लुक पाठ करू नका, पुढच्या शब्दासकट करा.

पण सगळंच पाठांतर नाही. खरोखर डोळ्यांनी बघायची गोष्ट असेल तर नजरेचा रस्ता धरा, नजर कुठून निघाली, कशावरून किंवा कशातून गेली, कुठे पोचली. माझी आजी गहू निवडताना आम्ही काही मस्ती केली की मान न उचलता चष्म्यावरून बघायची. मुलं याचं करतात "फ्रॉम अबव्ह द स्पेक्टॅकल्स", म्हणजे आजी चष्म्याच्या वर कुठेतरी जाऊन बसलीये असं वाटतं! बरोबर काय तर "शी लुक्ड ॲट अस ओव्हर हर ग्लासेस". ओव्हर हा रस्ता, ॲट हा मुक्काम. असे दोन-तीन तुकडे एकामागे एक लावता येतात, "ही लुक्ड अप फ्रॉम हिज फोन ॲट मी", फोनवरून नजर उचलली आणि माझ्याकडे बघितलं. मराठीत वरून आणि कडे नामाला चिकटतात, इंग्रजीत तेच सुटे होऊन आधी येतात, फरक तेवढाच.

आता सगळ्यात जास्त घोळ होतो तो लुक अपचा, तर आमच्या इंदूरच्या राजवाड्यासमोर चला. तिथे बगीच्यात अहिल्याबाईंचा पुतळा आहे. खाली उभं राहून मान वर करून बघितलं तर "आय लुक्ड अप ॲट द स्टॅच्यू". घरी येऊन फोनवर त्यांची माहिती शोधली, जन्म 1725 चा, राजधानी महेश्वर वगैरे, तर "आय लुक्ड अप अहिल्याबाई". आणि त्यांच्याबद्दल मनात आदर आहे तर "आय लुक अप टू अहिल्याबाई". ॲट, काहीच नाही, टू, आणि तीन वेगळे अर्थ. मी हे मुलांना नुसतं फळ्यावर सांगत नाही, मान वर करायला लावते मग लक्षात राहतं.

इथेच एक तपासणी करून घ्या. नावाच्या जागी हर किंवा इट घाला. माहिती शोधायची असेल तर ते मधे बसतं, "लुक इट अप". "लुक अप इट" चालत नाही. पण ॲट, फॉर, आफ्टर, इनटू यांच्या बाबतीत ते कायम शेवटी, "लुक ॲट इट", "लुक आफ्टर हर". "लुक हर आफ्टर" असं काही नसतं.

प्रश्न विचारताना छोटा शब्द गळतो, ही चूक मी रोज ऐकते. "व्हॉट आर यू लुकिंग?" अर्धंच राहिलं ना. 'कशाकडे' मधला कडे आपल्याकडे सुरुवातीलाच येऊन जातो त्यामुळे शेवटी काही राहिलंय असं वाटतच नाही. सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या रात्रीच्या खाऊ-बाजारात, भुट्ट्याच्या कीसचं (किसलेल्या मक्याच्या पदार्थाचं) दुकान शोधताय तर तुम्हाला विचारतील "व्हॉट आर यू लुकिंग फॉर?", आणि एकटक कढईकडे बघताय तर "लुकिंग ॲट?". शेवटचा शब्द काढला तर कुठला प्रश्न ते कळणारच नाही. तसंच शोधतोय याला "आय ॲम फाइंडिंग माय चप्पल" म्हणू नका, फाइंड म्हणजे सापडणं. आधी लुक फॉर, मग फाइंड.

बाकीचं पटकन. स्टेअर, ग्लान्स, गेझ यांना समोरच्या वस्तूआधी ॲट लागतो, "ही ग्लान्स्ड हिज वॉच" नाही, "ग्लान्स्ड ॲट हिज वॉच". सी आणि वॉचला मात्र ॲट नको, "वॉच टीव्ही", "सी मी". माझ्याकडे बघ म्हणजे "लुक ॲट मी", कारण "लुक टू मी" मधे मदतीच्या आशेनं बघणं येतं. डोळ्यात डोळे घालून सांग याला "लुक मी इन द आय", इथे माणूस आधी येतो, ॲट नसतो आणि आय एकवचनी, हे जसंच्या तसं लक्षात ठेवावं लागतं.

आणि इंटरव्ह्यूच्या मेलमधे शेवटी "आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू" लिहिता ते आजच बदला. हा टू क्रियापदाचा नाही, ॲट आणि फॉरसारखाच आहे, त्याच्यापुढे नाम लागतं, म्हणून "टू मीटिंग यू". खात्री नसेल तर तिथे एखादं नाम ठेवून बघा, "लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी" बरोबर बसतं की नाही.