रव्याचा सेमोलिना होऊ नये म्हणून

माझ्या एका विद्यार्थिनीनं गुऱ्हाळघरांवरच्या लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण आणून दिलं. इंग्रजी अगदी सफाईदार होतं. तिसऱ्या पानावर वाचलं, की करवीर तालुक्यातले शेतकरी आपला 'सेमोलिना' शाहू मार्केट यार्डात सौद्याला नेतात. मी तिची मूळ मुलाखत मागवली. गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, म्हणाला होता, "तीस किलोचा रवा आता कमी झालाय, दहाचाच जास्त चालतोय." एआयनं गुळाच्या रव्याचा, म्हणजे ढेपेचा, शिऱ्याचा रवा करून टाकला होता आणि तिनं ते वाचून पाहिलं नव्हतं.

मला राग आला नाही, वाईट वाटलं. ही मुलगी अकरा दिवस धुरात बसली होती. चुलवाणात चिपाड सारणाऱ्या जळव्याशी बोलली होती, काहिलीतली मळी कशी काढतात ते तिनं पाहिलं होतं. एवढं पदरात असताना लिहिण्याचं काम तिनं दुसऱ्याच्या हाती दिलं, कारण आपल्याला 'तसलं' लिहिता येत नाही असं तिला वाटत होतं. येतं. शिकावं लागतं, एवढंच.

सुरुवात प्रश्नापासून करा. 'कोल्हापूरचा गूळ' हा विषय झाला. '२०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाल्यानंतर माझ्या तालुक्यातल्या गुऱ्हाळमालकाच्या सौद्यात काय बदललं?' हा प्रश्न झाला. तो एका वाक्यात वहीत लिहा आणि घरात मोठ्यानं वाचून दाखवा. आईला कळला नाही, तर तो अजून तयार नाही. या टप्प्यावर एआय उघडू नका. ते दहा प्रश्न देईल, पण ते कुठल्याही जिल्ह्याला चालतील असे असतील. तुमचा प्रश्न तुम्हाला जिथं नवल वाटलं तिथूनच निघतो.

मग वाचन. शिवाजी विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जा, १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात जा, आधीचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात पाहा. टिपणवहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लेखकाचे शब्द, अवतरणचिन्हात, पान क्रमांकासह. उजवीकडे त्यावर तुमचं म्हणणं. ही रेघ फार महत्त्वाची आहे. माझ्याकडे आलेली वाङ्मयचौर्याची बहुतेक प्रकरणं लबाडीतून झालेली नव्हती. तीन महिन्यांनी वही उघडल्यावर कुठलं वाक्य कुणाचं हेच पोरांना आठवत नव्हतं.

दुसऱ्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत मांडणं इथं सगळ्यात जास्त अडतं, म्हणून उदाहरण देते. समजा मूळ वाक्य असं आहे: 'मजुरांच्या टंचाईमुळे आणि साखर कारखान्यांच्या वाढीव दरामुळे गुऱ्हाळांची संख्या घटत गेली.' पोरं लिहितात: 'कामगारांच्या अभावामुळे व कारखान्यांच्या जास्त दरामुळे गुऱ्हाळघरे कमी होत गेली.' ही चोरीच आहे, शब्द बदलले तरी. वाक्याचा सांगाडा तोच, विचाराचा क्रमही तोच. आता असं पाहा: 'अमुक लेखक गुऱ्हाळं घटण्याची दोन कारणं देतात, मजूर आणि कारखान्याचा दर. मला भेटलेल्या सहा मालकांपैकी चौघांनी मजुरांचं नाव आधी घेतलं. दराची गोष्ट मी विचारल्यावरच निघाली.' इथं लेखकाला त्याचं श्रेय मिळालं आणि तुम्ही त्याच्याशी बोलायला लागलात. यासाठी पुस्तक मिटा, शेजारच्याला तोंडी सांगा, मग लिहा, आणि शेवटी मुळाशी ताडून बघा.

आपल्याला पाठ असलेल्या गोष्टींनाही आधार द्यावा लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर धोका पातळी, हे कोल्हापुरात शाळकरी पोर सांगेल. नागपूरच्या परीक्षकाला ते माहीत असेलच असं नाही. आकडा आला की स्रोत आला.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त प्रत द्यावी लागते, ४० ते ६० ला वर्षभर सादर करता येत नाही, ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. पण दहा टक्के म्हणजे उचलायची मुभा असं समजू नका. यंत्र जुळणारे शब्द मोजतं. कुणाची कल्पना उचलून नव्या शब्दांत लिहिली तर साम्य शून्य दिसेल, तरीही ती चोरीच.

आता एआयबद्दल. ही साधनं मागच्या शब्दांवरून पुढचा संभाव्य शब्द मांडत जातात. त्यामुळं संदर्भ मागितला तर लेखक, साल, नियतकालिक, खंड, पान असं सगळं खरं वाटेल असं मिळतं, आणि तसा लेख कुठंच नसतो असंही होतं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले खटले दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलरचा दंड भरला. म्हणून प्रत्येक संदर्भाचा डीओआय, म्हणजे लेखाचा कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक, स्वतः टाकून उघडा, नसेल तर त्या अंकाची अनुक्रमणिका बघा. लेख सापडला तरी काम संपत नाही. तुम्ही म्हणताय ते त्यात खरंच आहे का, हे वाचूनच कळतं.

मी कशाला परवानगी देते? आधी स्वतःचा कच्चा खर्डा हवा. मग एआयला विचारा: यातलं कुठलं वाक्य कळत नाही? परीक्षक काय हरकत घेईल? इंग्रजी व्याकरण एकेका परिच्छेदाचं तपासून घ्या, पण आधी तुमच्या शब्दांची यादी करा, रवा, काहील, गुळव्या, मळी, आणि हे शब्द जसेच्या तसे राहू देत असं बजावा. एक्सेलचं सूत्र अडलं तर जरूर विचारा. साहित्याचा आढावा आणि निष्कर्ष मात्र तुमचेच.

मुलाखती तशाच्या तशा एआयमध्ये चिकटवू नका. ज्या माणसानं सोसायटीच्या कर्जाबद्दल मन मोकळं केलं, त्यानं ते तुम्हाला सांगितलं, कुठल्या कंपनीच्या सर्व्हरला नाही. नाव, गाव, फोन काढून टाकला तरी आधी मार्गदर्शकांना विचारा.

वापरलं तर सांगा. एआयला लेखक म्हणून नाव देता येत नाही, कारण ते जबाबदारी घेऊ शकत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती आणि प्रकाशनातली नीतिमत्ता पाहणारी 'कोप' या दोन्ही संस्थांनी २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. दोन ओळी पुरतात: 'दुसऱ्या आणि चौथ्या प्रकरणाच्या इंग्रजी भाषेच्या तपासणीसाठी अमुक साधन वापरले. सर्व बदल मी स्वतः तपासले असून मजकुराची जबाबदारी माझी आहे.' तारीख, साधन, काय विचारलं, काय बदललं, याची वही ठेवा.

मार्गदर्शकांनाही एक विनंती. 'एआयनं लिहिलंय' असं सांगणाऱ्या यंत्राच्या आकड्यावरून पोरांना दोषी ठरवू नका. ओपनएआयनं स्वतःचं तसलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागं घेतलं. त्यापेक्षा टिपणवही मागा, तारखांचे कच्चे खर्डे मागा, समोर बसवून विचारा. ज्यानं काम केलंय तो बोलतो.

त्या मुलीनं प्रकरण पुन्हा लिहिलं, या वेळी आधी मराठीत. इंग्रजी पानावर 'रवा' तसाच ठेवला आणि खाली तळटीप दिली: 'साच्यात घट्ट झालेली गुळाची ढेप.' स्रोत म्हणून लिहिलं होतं: मुलाखत क्रमांक ४, गुळव्या, आणि तारीख.