एचएसएमधून थेरपीची फी: कार्ड नाकारलं, पण पैसे मिळाले

मी न्यू जर्सीत असते. माझी थेरपिस्ट इन्शुरन्सच्या नेटवर्कबाहेरची, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार नसलेली. तिच्या फीसाठी एचएसएचं (हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट, म्हणजे वैद्यकीय खर्चासाठीचं, फेडरल करात सवलत असलेलं बचत खातं) कार्ड वापरलं की ते नाकारलं जायचं, खात्यात पुरेसे पैसे असूनही. ती ज्या अ‍ॅपवर पैसे घेते तिथे तिची नोंद वैद्यकीय सेवा म्हणून नव्हती. ही कार्डं बहुधा दवाखाना, फार्मसी असे कोड पाहूनच चालतात.

मग कार्डाचा नाद सोडला. आता फी साध्या क्रेडिट कार्डाने भरते आणि तिच्याकडून सुपरबिल, म्हणजे उपचाराचं तपशीलवार बिल, मागून घेते. त्यात तारीख, रक्कम, निदानाचा कोड, लायसन्स नंबर सगळं असतं. तेवढीच रक्कम एचएसएच्या साइटवरून बँक खात्यात वळवते. आयआरएसने (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याने) कधी विचारलं तर दाखवता यावी म्हणून प्रत जपून ठेवते. पैसे परत घ्यायला मुदत नाही; खर्च खातं उघडल्यानंतरचा हवा, एवढंच. सुपरबिल इन्शुरन्सलाही पाठवते, मात्र त्यांनी भरलेला भाग एचएसएमधून पुन्हा घेता येत नाही.

निदानाचा कोड फालतू वाटतो, पण तोच कामाचा. आजारावरची थेरपी चालते. नुसतं नवरा-बायकोचं समुपदेशन सहसा बसत नाही. अपात्र खर्चाला पैसे काढले तर ६५ वर्षांच्या आत प्राप्तिकर, वर २० टक्के जादा कर.

आणि हो, फेडरल रिटर्नला एचएसएचा फॉर्म ८८८९ जोडा. न्यू जर्सी राज्य मात्र एचएसएला करसवलत देत नाही, त्याला इलाज नाही.