कच्च्या वाटेवर रात्रीसाठी बाइकला जादा लाइट: कमी खर्चात काय घ्यावं, कसं बसवावं

डांबरी सोडून बाइक कच्च्या वाटेला लागली की रात्री पहिली अडचण येते ती कडेची. हेडलाइटचा झोत समोर पडतो, पण पुढच्या चाकाशेजारचा चर, वळणाच्या आतल्या बाजूचा दगड, चाकोरीची धार हे सगळं अंधारातच राहतं. म्हणून जादा लाइट घेताना आधी रुंदी बघा, पल्ला नंतर. दुकानात मात्र विक्री चालते ती पल्ल्यावर आणि वॅटच्या आकड्यावर, आणि तिथेच बहुतेकांचे पैसे वाया जातात.

किती लांबचं दिसायला हवं, याचा हिशेब सोपा आहे. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. दगड दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद धरला तर साडेबारा मीटर तिथेच गेले. सुट्या मुरमावर ब्रेक जपून लावावा लागतो, त्यात आणखी नऊएक मीटर. एकूण २१-२२ मीटर. ताशी ४० ला हाच आकडा ३२ मीटरवर जातो आणि ६० ला थेट ६० मीटरवर. सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर रात्री ४० च्या पुढे जाण्यासारखी जागा क्वचितच असते. तेव्हा ३५-४० मीटरपर्यंत स्वच्छ आणि दोन्ही कडांपर्यंत पसरलेला उजेड मिळाला की काम भागलं.

त्यासाठी ४० ते ६० अंशांत पसरणाऱ्या फ्लड लाइटची जोडी घ्या. १०-१५ अंशांचा स्पॉट लाइट लांब जातो, पण मध्ये एक झगझगीत ठिपका पाडतो. डोळा त्या ठिपक्याला सरावला की कडा आणखी काळ्या दिसायला लागतात. बजेट एकाच जोडीचं असेल तर दोन्ही फ्लडच असू द्या. एक स्पॉट, एक फ्लड ही जोडणी मोकळ्या माळावर चालते, झाडीतल्या अरुंद वाटेवर ती त्रास देते.

आधी आहे तो हेडलाइट तपासा

रॉयल एनफील्डच्या हिमालयन ४११ सारख्या हॅलोजनच्या गाडीत ६०/५५ वॅटचा एच४ बल्ब असतो. बल्बला मिळणारा व्होल्टेज १० टक्क्यांनी कमी झाला तर उजेड जवळपास ३० टक्क्यांनी घटतो. इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या होल्डरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीवर १३.५ आणि होल्डरवर १२.२ दिसले, तर मधला फरक बारीक वायर आणि काळवंडलेल्या स्विचने खाल्ला आहे. हेडलाइटसाठी रिलेची (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच म्हणजे रिले) वायरिंग किट काही शेकड्यांत मिळते आणि हा तोटा बराचसा भरून निघतो. खर्चाच्या मानाने याच्याइतकी फायद्याची दुसरी गोष्ट नाही.

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी बल्ब मात्र घालू नका. रिफ्लेक्टर हॅलोजनच्या तारेच्या नेमक्या जागेवर बेतलेला असतो. एलईडीचा उजेड तिथून निघत नाही, तो वर आणि बाजूला उधळतो. समोरच्याचे डोळे दिपतात आणि तुमच्या वाटेवर उजेड कमीच पडतो.

खोक्यावरचा वॅट आणि खरा वॅट

१२० वॅट, २०० वॅट असं छापलेले मुठीएवढे लाइट सर्रास मिळतात. एवढी उष्णता बाहेर टाकायला त्यांच्यात धातूच नसतो. खरा २० वॅटचा लाइट हातात जड लागतो. त्याला ॲल्युमिनियमची जाड बॉडी आणि मागे पंखांसारख्या खोल पट्ट्या असतात. वजनाला हलका आणि आकड्याला भारी असा लाइट परत ठेवून द्या.

मोजून बघायची सोय असेल तर उत्तमच. मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात घाला, सिलेक्टर डीसी अँपिअरवर ठेवा, मीटर बॅटरी आणि लाइटच्या मध्ये जोडा. १२.६ व्होल्टला १.५ अँपिअर दिसले तर तो लाइट साधारण १९ वॅटचा. वीस मिनिटं तसाच चालू ठेवून पुन्हा बघा. करंट थोडा उतरला तर लाइटमधलं करंट सांभाळणारं ड्रायव्हर सर्किट स्वतःला तापण्यापासून वाचवतंय, ते चांगलंच. निम्म्यावर आला तर चढावर, जिथे गाडी चालीच्या वेगाने जाते आणि लाइटवर वारा लागत नाही, तिथे तो मंद होणार. मोजून झालं की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत लावा. ती विसरून बॅटरीचा व्होल्टेज बघायला गेलात तर मीटरमधून थेट शॉर्ट होतो.

कच्च्या वाटेसाठी प्रत्येकी खरे १५ ते २० वॅट पुरतात. त्याहून जास्त घेण्याआधी गाडीची वीज पुरते का ते बघा. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनबरोबर चालूच राहतो, म्हणजे तो भार आधीच धरलेला आहे. रात्री जसं वापरणार तसं सगळं चालू करा, जादा लाइटही लावा आणि बॅटरीवर व्होल्टेज बघा. ३-४ हजार आरपीएमला १३.५ च्या वर राहिला तर ठीक. आयडलिंगला १२.८ च्या खाली सरकत असेल तर बॅटरी रिकामी होते आहे. हळू चालीच्या वाटेवर दीड-दोन तासांनी सेल्फ लागणार नाही. अशा वेळी कमी वॅटची जोडी घ्या. मोठी बॅटरी टाकून हा प्रश्न सुटत नाही, कारण भरणारा अल्टरनेटर तेवढाच राहतो.

मोडवाले लाइट टाळा. स्वस्त लाइटांत एकाच वायरीवर हाय, लो आणि लुकलुक असे तीन मोड असतात आणि दर वेळी वीज तुटून जोडली की पुढचा मोड येतो. दगडांवर गाडी आपटून कनेक्शन क्षणभर सुटलं तरी लाइट लुकलुकायला लागतो, आणि तोही नेमका उतारावर. दोनच वायरींचा, एकाच मोडचा लाइट घ्या. पिवळा-पांढरा असा दोन रंगांचा हवा असेल तर प्रत्येक रंगाची वायर वेगळी असलेला बघा.

पाणी

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकणं. पण ती चाचणी आणि ओढा ओलांडणं यात फरक आहे. तापलेला लाइट गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि काचेच्या कडेतून किंवा वायर बाहेर येते त्या जागेतून पाणी आत ओढते. दुसऱ्या दिवशी काचेवर आतून धुकं दिसतं आणि महिनाभरात रिफ्लेक्टर काळा पडतो.

म्हणून गाडीवर चढवण्याआधी घरीच बघा. लाइट वीस मिनिटं चालू ठेवा, बंद करून लगेच गार पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवा, बाहेर काढून पुसा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पुन्हा लावून काच नीट बघा. आत बाष्प दिसलं तर लाइट परत करा. परत होणार नसेल तर पूर्ण वाळवून काचेच्या कडेला आणि मागच्या वायरीच्या तोंडाशी आरटीव्ही सिलिकॉन (हवेत सुकून रबरासारखं होणारं सील) भरा आणि चोवीस तास सुकू द्या.

रंग

धुक्याचे थेंब उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा बरेच मोठे असतात, त्यामुळे पिवळा उजेड धुकं भेदून जातो हा समज खरा नाही. तरी धूळ-धुक्याच्या वाटेसाठी ३००० केल्व्हिनच्या (हे रंगछटेचं माप; आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर पांढरा) आसपासचा पिवळा घेण्यात शहाणपण आहे: धूळ आणि धुक्यातून उलटून येणारा निळसर पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो, पिवळा कमी टोचतो. कोकणातल्या लाल मातीच्या धुळीत ६५०० केल्व्हिनचे लाइट समोर भिंत उभी करतात. सगळ्याच वाटांसाठी एकच रंग निवडायचा असेल तर मधला, ४३०० च्या आसपासचा घ्या.

कुठे बसवायचे

धुळीत रंगापेक्षा जागेचा फरक मोठा पडतो. लाइट डोळ्यांच्या जितका जवळ, तितका उलटून येणारा उजेड जास्त आणि जमिनीवरच्या सावल्या कमी. सावलीमुळेच खड्डा दिसतो. डोळ्यांच्या रेषेतून उजेड पडला की सगळी वाट सपाट वाटते आणि चाक आत गेल्यावर खोली कळते. हेल्मेटवरचा टॉर्च म्हणूनच मुख्य लाइट होऊ शकत नाही. वळणावर मान वळेल तिकडे बघायला आणि पंक्चर काढायला तो उत्तम.

खाली, क्रॅश गार्डवर लावले की सावल्या लांब पडतात आणि उंचवटे ठसठशीत दिसतात. पण तिथे दगड लागतात आणि गाडी पडली की पहिला मार तिथेच बसतो. शिवाय गार्ड फ्रेमला असल्याने हँडल वळलं तरी उजेड सरळच राहतो. हिमालयन ४११ चा हेडलाइटही फ्रेमलाच आहे, त्यामुळे तिच्यावर दोन्ही लाइट गार्डला लावले तर घाटातल्या आखूड वळणावर आतली बाजू पूर्ण काळी राहते. अशा गाडीला निदान एक फ्लड फोर्कवर, खालच्या टीच्या (फोर्कच्या दोन नळ्यांना जोडणाऱ्या पट्टीच्या) आसपास लावा. हेडलाइट फोर्कबरोबर वळतो त्या स्क्रॅम ४११ सारख्या गाड्यांना गार्डची जागा चालते; लाइट गार्डच्या बाहेरच्या कडेला न लावता आतल्या बाजूला, पाइपच्या आडोशाला लावा.

ब्रॅकेटवर कंजुषी नको. लाइटबरोबर येणारी पातळ पत्र्याची पट्टी खडबडीत वाटेवर थरथरते, उजेड नाचतो आणि काही दिवसांत पट्टी वाकणाच्या जागी तुटते. फॅब्रिकेशनवाल्याकडून ३ मिमी लोखंडी किंवा ५ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कापून घ्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे) लावा. क्लॅम्प आणि पाइपच्या मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा, म्हणजे क्लॅम्प फिरत नाही. फोर्कवर बसवल्यावर हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवा आणि सस्पेन्शन दाबून बघा. मडगार्ड लाइटला लागता कामा नये.

वायरिंग

हेडलाइटच्या वायरीला सोलून जादा लाइट जोडणं ही सगळ्यात महागात पडणारी बचत आहे. त्या वायरी आणि तो स्विच वाढीव करंटसाठी नसतात, होल्डर वितळतो. रिले लावा.

साध्या चार पायांच्या १२ व्होल्ट, ३० अँपिअरच्या रिलेवर आकडे कोरलेले असतात. ३० ला बॅटरीची प्लस, मध्ये फ्यूज. ८७ वरून लाइटकडे. ८६ ला स्विचमधून आलेली वायर. ८५ अर्थिंगला. स्विचची वीज चावीने बंद होणाऱ्या वायरीवरून, उदाहरणार्थ पार्किंग लाइटवरून घ्या, म्हणजे लाइट विसरून राहत नाही. लाइटची मायनस फ्रेमच्या रंगावर टेकवू नका, थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत न्या. मंद किंवा लुकलुकणाऱ्या लाइटांचं कारण बहुतेक वेळा हेच निघतं.

फ्यूज बॅटरीपासून १५ सेंटिमीटरच्या आत हवा. तो लाइटजवळ लावला तर मधली वायर कुठे घासून शॉर्ट झाली तरी फ्यूज उडणार नाही, वायर पेटेल. दोन लाइट मिळून ४० वॅट म्हणजे सुमारे ३ अँपिअर, त्याला ५ अँपिअरचा फ्यूज आणि १ चौरस मिमी तांब्याची वायर पुरते. ८० वॅट असेल तर १० चा फ्यूज आणि १.५ ची वायर. जोड पिळून टेप मारू नका. वायरीच्या टोकाला धातूचा लग दाबून बसवा (क्रिम्प करा), वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा, आणि लाइटजवळ रबरी सीलचा वॉटरप्रूफ कनेक्टर घाला, म्हणजे लाइट तुटला तर वायरिंग न उसवता काढता येतो. पुण्यात नाना पेठेत आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सामान सुटं मिळतं. हेडस्टॉकपाशी (हँडलचा दांडा फ्रेममध्ये बसतो तिथे) वायरीला सैल वळसा द्या; हँडल वळताना वायर तिथेच ताणली जाऊन आतून तुटते.

कॅनबस (गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी बोलतात ती वायरिंग) असलेल्या नव्या गाड्यांत मूळ वायर सोलूच नका. ॲक्सेसरीसाठी कंपनीने दिलेला कनेक्टर असतो, रिलेचा स्विच तिथून चालवा.

लाइट लावायचा कोन

सपाट जागी भिंतीपासून ७.५ मीटरवर गाडी उभी करा. ज्या सामानासह जाणार ते बांधा आणि स्वतः वर बसा, कारण मागे वजन आलं की पुढचा लाइट वर उचलला जातो. टायरची हवाही तेव्हा ठेवणार तेवढीच हवी. लाइटच्या मध्याची जमिनीपासूनची उंची भिंतीवर खडूने मारा. फ्लडचा सगळ्यात उजळ भाग त्या खुणेच्या १५ सेंटिमीटर खाली पडू द्या. हा २ टक्के उतार झाला: लाइट ६० सेंटिमीटर उंचीवर असेल तर झोताचा मध्य ३० मीटरवर जमिनीला टेकतो. दोन्ही लाइट ५-१० अंश बाहेरच्या बाजूला फिरवा. पुढच्या चाकासमोरचे पहिले तीन-चार मीटर फार उजळ होत असतील तर लाइट किंचित वर घ्या. जवळचा लख्ख उजेड लांबचं दिसू देत नाही.

हे लाइट सार्वजनिक रस्त्यासाठी नाहीत. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधनं आहेत आणि डोळे दिपवणाऱ्या लाइटांवर कारवाई होते. डांबरीला लागलात की स्विच बंद करा आणि लाइटवर टोपी चढवा. लाल-निळे लाइट तर कधीच नकोत. आणि कृपा करून अभयारण्यात, वनखात्याच्या बंद वाटांवर किंवा फुलांच्या सड्यांवर (कातळाच्या पठारांवर) रात्री गाड्या घालू नका. उजेडाने बिथरलेलं जनावर कुठेही धावतं, आणि सड्यावरचा मातीचा पातळ थर चाकाखाली एकदा निघाला की वर्षानुवर्षं भरून येत नाही. परवानगी घेतलेली खासगी जमीन किंवा गावाची वापरातली कच्ची वाट एवढंच धरा.

पहिल्या ५० किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळा, कोन भिंतीवर परत तपासा, आणि फ्यूज व रिलेला हात लावून बघा. रिले कोमट लागणं ठीक; फ्यूजचा होल्डर गरम लागला तर क्रिम्प सैल आहे, तो कापून नवा करा. टूलकिटमध्ये त्याच अँपिअरचे दोन फ्यूज, एक रिले आणि अर्धा मीटर वायर ठेवा. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर मोठा लावू नका, हेडस्टॉकपासून सुरुवात करून वायर कुठे सोलली गेली आहे ते शोधा.