डेस्कटॉप प्रोग्राममधून एक्सेल चालवताना होणारा नेमस्पेसचा गोंधळ कसा सोडवावा

सी शार्पमध्ये लिहिलेल्या विंडोज फॉर्म्सच्या प्रोग्राममधून एक्सेलची वर्कबुक तयार करायची असली, की प्रकल्पाला एक्सेलच्या ऑब्जेक्ट लायब्ररीचा रेफरन्स जोडला जातो आणि फाइलच्या माथ्यावर पुढील ओळ लिहिली जाते. (या लेखातील कोड देवनागरीत दिला आहे, प्रत्यक्ष फाइलमध्ये तो नेहमीप्रमाणे रोमन लिपीतच लिहावा.)

यूझिंग मायक्रोसॉफ्ट.ऑफिस.इंटरॉप.एक्सेल;

ही ओळ घालताच, तोपर्यंत विनातक्रार कंपाइल होणाऱ्या फाइलमध्ये सीएस०१०४ हा एरर ठिकठिकाणी दिसू लागतो. ‘ॲप्लिकेशन’ हे नाव एक्सेलच्या नेमस्पेसमध्येही (नेमस्पेस म्हणजे टाइपची नावे ज्या नावाखाली एकत्र ठेवली जातात तो गट) आहे आणि सिस्टिम.विंडोज.फॉर्म्समध्येही आहे, त्यामुळे यांतले कोणते घ्यायचे ते ठरवता येत नाही, एवढेच कंपायलर सांगत असतो. एक्सेलच्या ऑब्जेक्ट मॉडेलमधील बरीच नावे अतिशय सर्वसाधारण आहेत. बटन, लेबल, टेक्स्टबॉक्स, चेकबॉक्स आणि लिस्टबॉक्स ही नावे विंडोज फॉर्म्सशी जुळतात, तर फॉन्ट, पॉइंट आणि रेक्टँगल ही नावे सिस्टिम.ड्रॉइंगशी जुळतात. म्हणून एकेक एरर सुटा धरून तिथे पूर्ण नाव लिहीत बसण्यात अर्थ नाही, कारण उद्या नवे बटन कोडमधून तयार केले की तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

खरा उपाय असा, की एक्सेलचे नेमस्पेस सरसकट आयात करूच नये. वरील ओळ काढून टाकावी आणि तिच्या जागी त्या नेमस्पेसला टोपणनाव द्यावे.

यूझिंग एक्सेल = मायक्रोसॉफ्ट.ऑफिस.इंटरॉप.एक्सेल;

त्यानंतर एक्सेलची प्रत्येक वस्तू या टोपणनावाने लिहावी: एक्सेल.ॲप्लिकेशन, एक्सेल.वर्कबुक, एक्सेल.वर्कशीट, एक्सेल.रेंज. नुसते ‘ॲप्लिकेशन’ लिहिले, तर ते विंडोज फॉर्म्सचे, हे आता कंपायलरलाही स्पष्ट असते आणि सहा महिन्यांनी तो कोड वाचणाऱ्या सहकाऱ्यालाही. मला या उपायाचा दुसरा फायदा पहिल्याहून मोठा वाटतो. ‘फॉन्ट’ हा शब्द पडद्यावरच्या फॉर्मचा आहे की शीटमधल्या सेलचा, हे शोधण्यासाठी वाचणाऱ्याला माथ्यावरच्या ओळी पाहाव्या लागू नयेत.

जुनी आणि लांबलचक फाइल असेल आणि तीत शेकडो ठिकाणी एक्सेलची नावे उघडी लिहिलेली असतील, तर तात्पुरती सोय म्हणून उलट बाजूने एकाच टाइपला टोपणनाव देता येते.

यूझिंग ॲप्लिकेशन = सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स.ॲप्लिकेशन;

त्याच पातळीवर आयात केलेल्या नेमस्पेसमधील नावापेक्षा टोपणनावाला अग्रक्रम असल्यामुळे एरर लगेच थांबतो. परंतु प्रत्येक नावासाठी अशी स्वतंत्र ओळ लागते. म्हणून फाइल सवडीने नीट करेपर्यंतच ही सोय वापरावी.

एररमधून उघड दिसणाऱ्या संघर्षापेक्षा, दुसऱ्याच एररचे रूप घेणारा संघर्ष जास्त वेळ खातो. ‘डेटाटेबल’ हे त्याचे ठळक उदाहरण आहे. एक्सेलमध्येही डेटाटेबल नावाचा इंटरफेस (मेथड वगैरेंची केवळ रूपरेषा देणारा टाइप) आहे, पण तो चार्टखाली दाखवल्या जाणाऱ्या तक्त्यासाठी आहे. फाइलमध्ये सिस्टिम.डेटा आयात केलेले नसेल आणि एक्सेलचे नेमस्पेस सरसकट आयात केलेले असेल, तर ‘न्यू डेटाटेबल’ असे लिहिल्यावर कंपायलर एक्सेलचा इंटरफेस उचलतो आणि इंटरफेसचा ऑब्जेक्ट तयार करता येत नाही, असे सांगणारा सीएस०१४४ हा एरर देतो. त्या संदेशात संदिग्धतेचा उल्लेखही नसतो. असा अनपेक्षित एरर आला, की व्हिज्युअल स्टुडिओमध्ये त्या नावावर माउस नेऊन त्याचे पूर्ण नाव आधी पाहावे.

डॉट नेट फ्रेमवर्कमधला प्रकल्प डॉट नेट ६ किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर नेताना आणखी दोन गोष्टींची भर पडते. एक म्हणजे सिस्टिम नेमस्पेसमध्ये आता ‘रेंज’ नावाचा टाइप आहे. तो डॉट नेट कोअर ३.० पासून आला आणि फ्रेमवर्क ४.८ मध्ये नव्हता. त्यामुळे वर्षानुवर्षे चाललेला ‘रेंज’ हा शब्द स्थलांतरानंतर अचानक संदिग्ध ठरतो. दुसरी गोष्ट म्हणजे इम्प्लिसिट यूझिंग्ज ही सोय. ती चालू असली, तर सिस्टिम, सिस्टिम.ड्रॉइंग आणि सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स ही नेमस्पेस फाइलमध्ये कोठेही न लिहिता आयात झालेली असतात, आणि ‘मी तर ही ओळ लिहिलीच नाही’ म्हणून माणूस चक्रावतो. प्रकल्प फाइलमध्ये ही सोय बंद करता येते किंवा तिच्यातून एखादे नेमस्पेस वगळता येते. मात्र एक्सेलला टोपणनाव दिलेले असेल, तर यांपैकी काहीही करावे लागत नाही. सी शार्प १० पासून ‘ग्लोबल यूझिंग’ वापरून हे टोपणनाव साऱ्या प्रकल्पासाठी एकाच फाइलमध्ये देता येते. तसे केल्यावर इतर फाइलींतील तीच ओळ काढून टाकावी.

टोपणनाव देऊनही न सुटणारा एक प्रकार आहे आणि त्याचे मूळ आपल्याच प्रकल्पात असते. समजा, प्रकल्पाचे नाव ‘वेतन’ आहे आणि त्यात एक्सेलसंबंधीच्या क्लासेससाठी ‘एक्सेल’ नावाचे फोल्डर केले आहे. व्हिज्युअल स्टुडिओ फोल्डरच्या नावावरून नेमस्पेस ठरवतो, त्यामुळे ‘वेतन.एक्सेल’ हे नेमस्पेस तयार होते. आता ‘वेतन.फॉर्म्स’मधल्या कोडमध्ये ‘एक्सेल.ॲप्लिकेशन’ लिहिले, तर कंपायलर आतून बाहेर शोध घेत जातो: आधी ‘वेतन.फॉर्म्स’, मग ‘वेतन’, आणि सर्वांत शेवटी फाइलच्या माथ्यावरची टोपणनावे. ‘वेतन’मध्ये त्याला ‘एक्सेल’ सापडते, शोध तिथेच थांबतो आणि त्या नेमस्पेसमध्ये ‘ॲप्लिकेशन’ नाही, असा सीएस०२३४ हा एरर येतो.

यावरचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे फोल्डरचे आणि नेमस्पेसचे नाव बदलून ‘अहवाल’ किंवा ‘निर्यात’ असे कामावरून ठेवणे. ते शक्य नसेल, तर टोपणनाव ‘एक्सएल’ असे वेगळे ठेवावे. तेही नको असेल, तर टिंबाऐवजी दोन अपूर्णविराम (कोलन) वापरून एक्सेल::ॲप्लिकेशन असे लिहावे. या चिन्हाच्या डावीकडचे नाव कंपायलर केवळ टोपणनावांमध्येच शोधतो. आपले नेमस्पेस ‘ॲप्लिकेशन’ या शब्दाने संपत असेल, तर विंडोज फॉर्म्सच्या बाबतीतही हीच अडचण येते आणि तिथे ग्लोबल::सिस्टिम.विंडोज.फॉर्म्स.ॲप्लिकेशन असे मुळापासूनचे नाव लिहावे लागते.

सीएस०४३३ हा एरर वरवर असाच दिसतो, पण त्याचे कारण वेगळे आहे. एकच टाइप पूर्ण नावासकट दोन लायब्रऱ्यांत सापडत आहे, असा त्याचा अर्थ होतो आणि साध्या टोपणनावाने तो सुटत नाही. एकदा कॉम रेफरन्स (संगणकावर बसवलेल्या एक्सेलच्या लायब्ररीचा रेफरन्स) म्हणून आणि पुन्हा नुगेट (डॉट नेटच्या तयार लायब्रऱ्यांचे भांडार) पॅकेजमधून एक्सेल जोडले गेले आहे का, हे तपासून एकच रेफरन्स ठेवावा.

सगळे एरर गेल्यावर कंपायलरच्या उरलेल्या सूचनाही (वॉर्निंग) वाचाव्यात. शीटवर ‘ॲक्टिव्हेट’ ही मेथड वापरली, तर सीएस०४६७ ही सूचना येते, कारण वर्कशीटच्या इंटरफेसमध्ये त्याच नावाची मेथडही आहे आणि इव्हेंटही आहे. कंपायलर मेथडच निवडतो, त्यामुळे प्रोग्राम बरोबर चालतो. तरीही सूचनांच्या गर्दीत एखादी महत्त्वाची सूचना हरवू नये, यासाठी शीटचे व्हेरिएबल आधी एक्सेल._वर्कशीट या, नावापुढे अधोरेषा असलेल्या इंटरफेसमध्ये कास्ट करावे आणि मग त्यावर ‘ॲक्टिव्हेट’ लिहावे.