बर्फ अजून शिल्लक असताना व्ह्यू पॉइंटचा ट्रेक: घड्याळ बघून चाला

खाली सगळं हिरवं झालेलं असतं, गाडी लावतो तिथे लोक टी-शर्टवर फिरत असतात, आणि फसायला सुरुवात तिथूनच होते. साधारण हजार मीटर वर गेलं की तापमान सहा-साडेसहा डिग्रीने उतरतं, त्यामुळे खाली उन्हाळा लागला तरी वर हिवाळा अजून आवरत असतो. त्यात वाट सावलीच्या अंगाने जात असेल (उत्तर गोलार्धात म्हणजे उत्तरेकडचा उतार) तर तिथला बर्फ बाकीच्या डोंगरापेक्षा कितीतरी आठवडे जास्त टिकतो. म्हणून ‘ट्रेल ओपन आहे का’ एवढंच विचारून निघू नका, बर्फ कुठून सुरू होतो आणि वाट कुठल्या अंगाने वर चढते ते नकाशावर आधी बघून घ्या.

या सीझनमध्ये बर्फ दर तासाला बदलतो. रात्री आकाश मोकळं असेल तर वरचा थर कडक गोठतो, सकाळी त्यावर पाय रुतत नाही पण घसरतो, मग ऊन आलं की तासदोन तास वरचे दोन बोटं मऊ होतात आणि तेव्हा चालायला जी मजा येते ती येते, आणि दुपारी सगळ्याचा लगदा. रात्रभर ढग असतील तर मात्र बर्फ नीट गोठतच नाही, अशा दिवशी सकाळी सातलाच गुडघ्यापर्यंत रुतायला लागलात तर पुढे सुधारेल अशी आशा ठेवू नका, सरळ मागे फिरा.

आता वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता, तो अजून चालतो: सपाटीला ताशी ५ किलोमीटर, आणि चढाच्या दर ६०० मीटरला वरून एक तास. म्हणजे एका बाजूचं ५ किलोमीटर आणि ६०० मीटर चढ असेल तर दोन तास. बर्फावर मी हा वेळ डोळे मिटून दुप्पट धरतो. सहाला निघायचं, दहाला वर, आणि साडेदहाला कुठेही असलो तरी वळायचं. व्ह्यू पॉइंट समोर दहा मिनिटांवर दिसत असला तरी वळायचं, कारण ती दहा मिनिटं कधीच दहा नसतात हो.

सामानात मायक्रोस्पाइक्स हव्यातच. बुटावर रबराने चढवायच्या त्या दातेरी साखळ्या, कडक बर्फावर आणि मध्यम उतारावर मस्त काम करतात. पण त्या घातल्या म्हणजे कुठेही जाता येतं असं नाही. तीव्र उतार आडवा पार करायचा असेल तर थांबून खाली बघा आणि स्वतःला विचारा, इथून घसरलो तर कुठे जाऊन थांबेन? मऊ सपाटीवर, ठीक आहे. दगडांवर, झाडांवर किंवा कड्यावरून खाली, तर तिथे क्रॅम्पॉन (बुटाला बांधायचे लांब, टोकदार लोखंडी दात) आणि आइस अ‍ॅक्स (बर्फात रोवायची कुदळ) लागते, आणि ती वापरायला आधी कुणाकडून तरी नीट शिकलेलं असावं लागतं. बाकी गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर चढवायची गवसणी), रुंद चकतीचे पोल्स म्हणजे चालायच्या काठ्या, मोज्यांचा एक जास्तीचा जोड, आणि कॉटन अंगावर नको, भिजलं की वाळत नाही. गॉगल विसरू नका, ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. सनस्क्रीन नाकाच्या खालून आणि हनुवटीखालीही लावा, हसू नका, माझ्या नाकपुड्या आतून भाजल्या होत्या आणि चार दिवस शिंकायची भीती वाटायची.

मोठे दगड आणि झाडाचे बुंधे यांच्यापासून दोन पावलं लांब चाला. दगड उन्हाने तापतो, त्याच्या कडेचा बर्फ आतून वितळतो आणि वरून मात्र जमीन असल्यासारखा सपाट दिसतो. मी अशाच एका दगडावर टेकायला गेलो आणि डावा पाय मांडीपर्यंत आत! पाय ओढला तर बूट खाली दोन दगडांत अडकलेला. अशा वेळी हिसका देऊ नका, गुडघा जातो. पुढे वाकून पोल आडवा टाका, त्यावर वजन द्या, हाताने बुटाभोवतीचा बर्फ उकरा आणि मग कुशीवर लोळत बाहेर या. मला पंधरा मिनिटं लागली आणि बोटं बधिर झाली, ग्लोव्हज बॅगेत होते ना.

ओढ्यांचंही तसंच. बर्फाखालून पाण्याचा आवाज येत असेल तर वरचा बर्फाचा पूल किती जाड आहे ते कळत नाही, दुसरी जागा शोधा. आणि सकाळी उडी मारून ओलांडलेला ओढा दुपारी वितळलेल्या पाण्याने फुगलेला असतो, परतीचा विचार जातानाच करा.

वाट शोधताना आधीच्या लोकांच्या ठशांवर भरवसा नको. ठसे वितळून मोठे होतात, हरणाचासुद्धा माणसाचा वाटतो, आणि माणसाचा असला तरी तो माणूस चुकलेला नव्हता कशावरून? ऑफलाइन मॅप डाउनलोड करा, फोन आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, गारठ्यात बॅटरी बघता बघता बसते. वळणावर मागे वळून बघायची सवय लावा, उतरताना तेच दृश्य समोर येणार असतं.

बहुतेक हिमस्खलनं ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतात, त्यामुळे त्या भागाचं अ‍ॅव्हलांच बुलेटिन, म्हणजे हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज, निघत असेल तर आदल्या दिवशी आणि सकाळी दोन्ही वेळा वाचा. उन्हात वरून बर्फाचे छोटे गोळे आपोआप घरंगळायला लागले की समजायचं, उतार ढिला व्हायला लागलाय, त्याच्या खालूनसुद्धा जायचं नाही.

वर पोचल्यावरचा धोका मला सगळ्यात फसवा वाटतो. वाऱ्याने धारेच्या पलीकडे बर्फाचं छज्जं तयार झालेलं असतं, तुम्हाला वाटतं कड्यावर उभे आहोत आणि पायाखाली नुसती हवा. आणि ते तुटतं तेव्हा कडेपासून बरंच आतून तुटतं. दगड किंवा गवत उघडं दिसतंय तिथेच बसा, फोटो तिथूनही चांगलाच येतो.

उतरताना बर्फ मऊ झाला असेल तर टाच आधी रोवा, गुडघा किंचित वाकवा, अंग मागे टाकू नका. बसून घसरायचा मोह झालाच तर उतार तळापर्यंत दिसायला हवा आणि स्पाइक्स आधी काढा, दात अडकला की घोट्याचं काम तमाम. खाली बर्फ संपून चिखल लागेल, त्याच्या कडेकडेने न जाता मधूनच जा, नाहीतर वाट दरवर्षी रुंदच होत जाते. घरी आल्यावर स्पाइक्स ओल्याच पिशवीत कोंबू नका, पुसून वाळवा, मी एकदा विसरलो आणि पुढच्या वेळी साखळीची एक कडी बर्फाच्या ऐन मध्यावर तुटली.